कृपया अपडेट करू नका

सॉफ्टवेअर बनवणारे लोक एक वाक्य सहसा लिहीत नाहीत : तुम्ही अपडेट करू नका. उलट, रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी हातात घ्यावा, तर तो आपल्याला न विचारता नवा होऊन बसलेला असतो. ॲपवाले त्याच्याही पुढे. जुनी आवृत्ती असेल तर दारच उघडत नाहीत. अशा दिवसांत डेबियन या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३व्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये हे वाक्य चक्क लिहिलेलं आहे. ३२-बिट डेबियन वापरणाऱ्यांनी या आवृत्तीवर येऊ नये, असं त्यात सरळ सांगितलंय. लगोलग सल्लाही आहे : जमत असेल तर ६४-बिट डेबियन नव्याने टाका, नाहीतर यंत्राला निवृत्त करा.

ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ला आली. नाव ट्रिक्सी. तिच्यावरचे बहुतेक व्हिडिओ वॉलपेपरपासून सुरू होतात, मग ग्नोम ४८ आणि प्लाझ्मा ६.३ हे दोन डेस्कटॉप फिरवून दाखवतात, मग 'रॉक सॉलिड' म्हणतात आणि संपतात. त्यात चूक काही नाही. पण डेबियनचं वॉलपेपरवरून परीक्षण करणं म्हणजे एसटीचं परीक्षण सीटकव्हरवरून करण्यासारखं आहे. डेबियन तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नसेल, तरी तुमचा त्याच्याशी संबंध जवळपास रोज येतो. कितीतरी वेबसाइटांचे सर्व्हर त्याच्यावर चालतात, आणि उबुंटू त्याच्याच पायावर उभं आहे. १९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. त्याच्यामागे आजही कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक आहेत. २०२३च्या सप्टेंबरात त्यांची वार्षिक परिषद आपल्याकडे कोचीत भरली होती.

ट्रिक्सीला दोन वर्षं, एक महिना आणि तीस दिवस लागले. एकूण ६९,८३० पॅकेजं. त्यांतली १४,१०० हून जास्त नवी. घोषणेत आणखी एक आकडा आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही : ८,८४० पॅकेजं काढून टाकली. माझ्या मते कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरची पारख या दुसऱ्या आकड्यावर करावी. नवं आणणं सोपं असतं, त्याला टाळ्याही पडतात. काय सोडलं, कुणाला सोडलं, आणि सोडताना त्याला कोणत्या शब्दांत सांगितलं, यात ते बनवणाऱ्यांचा खरा स्वभाव कळतो.

ट्रिक्सीने सोडलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आय३८६.

हे नाव इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरचं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते याच प्रोसेसरच्या संगणकावर. डेबियनमध्ये 'आय३८६' हे सगळ्या ३२-बिट इंटेल घराण्याचं नाव झालं आणि तसंच राहिलं. खुद्द ३८६ प्रोसेसरला डेबियनने २००५च्या सुमारासच निरोप दिला होता, पुढे ४८६ गेला, ५८६ गेला, पाटीवरचं नाव मात्र बदललं नाही. सीएसएमटीला अजून 'व्हीटी' म्हणणाऱ्या मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही. ट्रिक्सीत ही पाटी अजून आहे, पण आतलं घर रिकामं आहे. आय३८६साठी कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. काही पॅकेजं ठेवली आहेत ती एवढ्याचसाठी, की ६४-बिट संगणकावर एखादा जुना ३२-बिट प्रोग्रॅम चालवायचा असेल तर चालावा. जुने गेम, वाइनमधून चालणारी विंडोजची जुनी सॉफ्टवेअरं वगैरे.

निर्णय अचानक आला नाही. २०२३च्या डिसेंबरात रिलीज टीमने तो जाहीर केला होता, म्हणजे दीड वर्षाहून अधिक आधी. कारणंही खरी आहेत. ३२-बिट प्रोग्रॅमला एका वेळी जास्तीत जास्त ४ जीबी मेमरीचा पत्ता कळतो. आजचा ब्राउझर बांधायला, म्हणजे सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करायला, एवढी मेमरी पुरत नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६च्या मार्चमध्येच सोडलं. फायरफॉक्सने ट्रिक्सीनंतर महिन्याभरात सांगितलं की १४४ ही आपली ३२-बिट लिनक्सवरची शेवटची आवृत्ती. सगळे पाहुणे उठून गेल्यावर यजमानाने दिवे मालवावेत, तसं डेबियनचं झालं. त्यातही ते शेवटून उठणाऱ्यांपैकी.

पण या आवृत्तीतली खरी मोठी गोष्ट स्क्रीनवर दिसतच नाही, आणि आय३८६चं नशीब तिच्याशी बांधलेलं आहे. ती गोष्ट म्हणजे घड्याळ.

युनिक्सच्या वंशातल्या सिस्टिम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, या एका संख्येत. ही संख्या ३२ बिटांत ठेवली तर तिची मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. तेवढे सेकंद भरतात १९ जानेवारी २०३८ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मंगळवार असेल. पुढच्या सेकंदाला संख्या उलटते, ऋण होते, आणि संगणक समजतो की आपण १९०१च्या डिसेंबरात आहोत. वाय-टू-केची आठवण आपल्या पिढीला नाही, पण तो प्रश्न तारीख लिहिण्याच्या पद्धतीचा होता. हा त्याहून खोल आहे, कारण सिस्टिमच्या मुळाशी असलेल्या डब्याचंच माप इथे कमी पडतंय.

मग मोठा डबा घ्या की, ६४ बिटांचा! इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही हेच सांगेल. अडचण अशी, की हा डबा एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे सतत जात असतो. एक लायब्ररी आठ बाइटचा डबा पाठवते आणि घेणारा प्रोग्रॅम चार बाइटचा समजून उघडतो, तर पुढचं सगळंच चुकीचं वाचलं जातं. एररसुद्धा येईलच असं नाही. म्हणून ज्या ज्या लायब्रऱ्यांच्या व्यवहारात वेळ येते, त्या सगळ्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोग्रॅम एकाच सुमारास बदलावे लागतात. चालत्या लोकलचे रूळ बदलण्यासारखं काम.

डेबियनने ते केलं, २०२४च्या सुरुवातीपासून. अनेक महत्त्वाच्या लायब्रऱ्यांना नवं नाव दिलं, शेवटी 'टी६४' असं शेपूट जोडून, म्हणजे जुन्या मापाची आणि नव्या मापाची लायब्ररी चुकून एकमेकींच्या जागी बसू नये. तुमच्या लॅपटॉपवर ट्रिक्सी असेल तर पॅकेजांची यादी काढून बघा. कर्लपासून जीटीकेपर्यंत जागोजाग टी६४ दिसेल. गंमत म्हणजे तुमच्या ६४-बिट लॅपटॉपला याची गरजच नव्हती, त्याचा डबा आधीपासून मोठा होता. नावं बदलली ती मुख्यतः ३२-बिट एआरएमच्या छोट्या बोर्डांसाठी, जी एखाद्या पंपाच्या खोलीत किंवा कारखान्याच्या पॅनेलमध्ये बसवली की पंधरा-वीस वर्षं कुणी उघडून बघत नाही. २०३८ साली चालू असण्याची शक्यता असलेल्या या यंत्रांची काळजी २०२४मध्ये घेतली गेली, आणि ती करणाऱ्या बहुतेकांना त्याचे पैसे मिळाले नाहीत. ट्रिक्सीबद्दल मला आदर वाटतो तो इथे.

आय३८६ला मात्र मोठा डबा दिला नाही. जाणूनबुजून. कारण आय३८६ आता फक्त जुने, पूर्वीच बांधलेले प्रोग्रॅम चालवायला ठेवलंय, आणि ते प्रोग्रॅम लहान डबाच ओळखतात. डबा बदलला तर ज्या एका कामासाठी त्याला ठेवलंय तेच काम बिघडेल. हिशोब बिनचूक आहे. म्हणजे बाकी सगळ्यांचं घड्याळ पुढे नेलं, आणि एकाचं, त्याच्याच भल्यासाठी, २०३८वर थांबणारं ठेवलं.

आता मूळ वाक्याकडे येतो. अपडेट करू नका, हा त्यातला भाग मला अतिशय प्रामाणिक वाटतो. अपडेट येऊ द्यायचं आणि मग मशीन चालू झालं नाही की हात वर करायचे, हा धंदा आपण सगळ्यांनी पाहिलाय. नोकरीत मी स्वतः ज्या रिलीज नोट्स लिहितो त्यांत अडचणीची गोष्ट शेवटून दुसऱ्या बुलेटमध्ये 'इतर सुधारणा' म्हणून सरकवायची रीत आहे. डेबियन असं करत नाही. काय तुटेल ते आधी, ठळक, आणि कुणासाठी तुटेल त्याचं नाव घेऊन सांगतं. या नोट्स मी एखाद्या चांगल्या गद्यासारख्या वाचतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

खटकतं ते 'निवृत्त करा' हे. शब्द सभ्य आहे. माणूस निवृत्त झाला तर त्याला निदान नारळ आणि शाल मिळते. संगणक निवृत्त झाला की भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो.

माझ्या मामाचं तालुक्याच्या गावात झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरच्या कोपऱ्यात त्याचं एक नेटबुक असतं, २००९च्या आसपासचं, ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम. त्यावर मी ३२-बिट डेबियन टाकून दिलं होतं. त्याच्यावर इंटरनेट बघणं अशक्य आहे, आजची कुठलीही वेबसाइट उघडली की ते गुदमरतं. पण मामाला ते त्यासाठी नकोच आहे. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह हा त्याच्या धंद्यातला सगळ्यात घाण भाग. कॉलेज, सायबर कॅफे, ग्रामपंचायत असा प्रवास करून आलेले, विंडोजच्या व्हायरसने भरलेले. ते या नेटबुकात लावायचे, आतला सात-बारा किंवा बायोडेटा उघडायचा, प्रिंटरला पाठवायचा. विंडोजच्या व्हायरसचं इथे काही चालत नाही. मामा त्याला 'पेनड्राइव्हचं मशीन' म्हणतो. ट्रिक्सी आल्यावर मी त्याला सांगितलं की याला आता नवी आवृत्ती मिळणार नाही. तो म्हणाला, "चालतंय ना? मग तू कशाला हात लावतोस त्याला?"

मामाने न वाचताच रिलीज नोट्समधला अर्धा सल्ला दिला, आणि उरलेला अर्धा नाकारला. त्याच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दाही आहे. आय३८६च्या उरलेल्या पॅकेजांना प्रोसेसरमध्ये एसएसई२ नावाची सोय लागते, आणि ती त्या ॲटममध्ये आहे. म्हणजे पॅकेजं चालू शकतील, पण त्यांना चालवणारं डेबियनचं कर्नलच बांधलं जात नाही. तेव्हा इथे यंत्राची कुवत कमी पडलेली नाही, ते सांभाळणारं माणूस संपलंय. नोट्सच्या त्या परिच्छेदात दोनच वाटांची शिफारस आहे, नवं टाका किंवा निवृत्त करा. तिसरी वाट आहे : आधीच्या १२व्या आवृत्तीवर, बुकवर्मवर, राहा. तिला दीर्घकालीन सुरक्षा-आधार २०२८च्या जूनअखेरपर्यंत आहे. ज्याच्याकडे हार्डवेअर बदलायला पैसे नाहीत त्याच्या कामाची वाट हीच, आणि नेमकी ती त्या जागी लिहिलेली नाही. एका वाक्याचं काम होतं.

मग डेबियनने आय३८६ चालूच ठेवायला हवं होतं का? इथे माझं मत मामाच्या विरुद्ध जातं. नको होतं.

डेबियनमध्ये एखादं आर्किटेक्चर टिकतं ते सांभाळणारे हात आहेत तोवर. टी६४चं काम ऐन भरात असताना, २०२४च्या मार्चमध्ये, मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडच्या लक्षात आलं की डेबियनच्या अस्थिर शाखेवर दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो पोचला एक्सझेड नावाच्या, फायली आकसून ठेवणाऱ्या एका लायब्ररीपर्यंत. तिच्यात कुणीतरी चोरदार बसवलं होतं. ती लायब्ररी वर्षानुवर्षं जवळपास एकच थकलेला माणूस सांभाळत होता, आणि 'मदतीला' आलेल्या एका टोपणनावाने दोन वर्षं खपून त्याचा विश्वास मिळवला होता. ही घटना आठवली की 'राहू द्या ना, तुमचं काय जातंय' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ज्याच्याकडे कुणी नीट बघत नाही, ज्याची चाचणी होत नाही, असं कर्नल केवळ यादीत दिसावं म्हणून देत राहायचं, तर मामाच्या मशीनला आपण सुरक्षित असल्याचा खोटा भरवसा देण्यासारखं होतं. नाही म्हणणं बरं.

आणि मुक्तस्रोत असल्यामुळे नाही म्हटल्यावर दार कायमचं बंद होत नाही. अल्पाइन लिनक्स ३२-बिट देतं, नेटबीएसडी देतं. कोड सगळ्यांसमोर आहे, कुणीही कर्नल बांधू शकतं. 'कुणीही' हा शब्द मात्र जपून वापरावा. बांधू शकणारं कुणीही झेरॉक्सच्या दुकानात नसतं, आणि भाचा दरवेळी गावी नसतो.

२०२५मध्येच १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा नियमित आधार संपला. चालते संगणक केवळ टीपीएम २.० नाही म्हणून विंडोज ११च्या बाहेर राहिले, आणि लिनक्सवाले, म्हणजे आम्हीच, सांगत सुटलो की तुमचा जुना कॉम्प्युटर फेकू नका, लिनक्स टाका. सल्ला बरोबर आहे, कारण त्यातले बहुतेक संगणक ६४-बिट आहेत आणि ट्रिक्सी त्यांच्यावर मजेत चालेल. पण 'लिनक्स कुठल्याही जुन्या मशीनवर चालतं' ही जी बढाई आम्ही वीस वर्षं मारत आलो, तिला आता एक तळटीप लागली. ती बढाई मारणाऱ्यांनी स्वतः सांगावी.

त्यातही सांगताना आणखी एक बारीक गोष्ट सांगावी. ट्रिक्सीत तात्पुरत्या फायलींचं 'टेम्प' फोल्डर आता डिस्कवर नसतं, मुळातच मेमरीत असतं, आणि गरज पडली तर निम्म्या रॅमपर्यंत पसरू शकतं. १६ जीबीच्या लॅपटॉपवर हे छानच : वेग वाढतो, डिस्कची झीज कमी. विंडोज १० काढून डेबियन टाकलेल्या २ जीबीच्या मशीनवर एखाद्या प्रोग्रॅमने तिथे मोठी फाइल उतरवली की मशीन धापा टाकायला लागेल आणि मालकाला कारण कळणार नाही. एका कमांडने जुनी पद्धत परत आणता येते, नोट्समध्ये तीही दिली आहे. तरी मूळ सेटिंग म्हणजे बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण बसलंय याची कबुली असते, आणि इथे जो बसलाय त्याच्याकडे भरपूर रॅम आहे. माझ्या मते हा बदल कमी मेमरीच्या मशीनवर आपोआप बंद राहायला हवा होता.

दिसणाऱ्या बदलांपैकी एकच मला मनापासून आवडला. पॅकेज टाकणारा एपीटी ३.० आता काय येणार ते हिरव्यात आणि काय जाणार ते लाल रंगात दाखवतो. २०२१मध्ये लिनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम टाकायला जाऊन अख्खा डेस्कटॉप उडवला होता, तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी हसत पाहिला असेल. धोक्याची सूचना तेव्हाही होती, पण एकाच रंगाच्या अक्षरांच्या ढिगाऱ्यात. आता निदान जाणाऱ्या गोष्टीवर नजर ठरते.

एक गेला तर एक आलाही. रिस्क-व्ही हा मुक्त प्रोसेसर-संच ट्रिक्सीत पहिल्यांदाच अधिकृत झाला. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर याच संचावर बेतलेले आहेत. मराठी टायपिंगमुळे पुण्याच्या सीडॅकचं नाव घरोघरी माहीत असलेल्या आपल्याला ही बातमी खरं तर जवळची वाटायला हवी, पण तिच्यावर मराठीत काही लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही.

डेबियनच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरी सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. बुकवर्म आणि ट्रिक्सी दोघंही तिसऱ्या भागातली, आणि त्या भागाची गोष्टच मुळी अशी की मुलगा मोठा होऊन कॉलेजला निघालाय, आता खेळण्यांचं काय करायचं. माळ्यावर, कचऱ्यात, की दुसऱ्या कुणाच्या हातात? हे नाव ठरवून दिलेलं नाही, योगायोग आहे.

पुढच्या आवृत्तीचं नाव फोर्की. तोवर आर्मेल, म्हणजे जुन्या ३२-बिट एआरएम चिपांचं घराणं, बाहेर पडलेलं असेल. ट्रिक्सी ही त्यांची शेवटची आवृत्ती असल्याचं आत्ताच जाहीर आहे. बिचाऱ्यांचा वेळेचा डबा यावेळीच मोठा करून मिळाला होता. त्यांच्यासाठीचा निरोपाचा परिच्छेद कुणीतरी स्वयंसेवक केव्हातरी लिहायला बसेल. त्याने त्यात ट्रिक्सीचा आधार केव्हापर्यंत आहे ती तारीख टाकावी, एवढीच मागणी आहे.